न पिणाऱ्याची बिअर

बदली होऊन बीडला आलो तेव्हा खोलीच्या शोधात ज्या ज्या घरमालकांच्या दारात उभा राहिलो, त्या प्रत्येकानं मला एकच प्रश्न विचारला होता. पिता का? मी प्रत्येक ठिकाणी कानाला हात लावले होते. बार्शी नाक्यापलीकडच्या त्या दुमजली घरातही तोच प्रश्न आला आणि माझे हात सवयीनं कानाकडं गेले. समोरचे गृहस्थ एकदम हिरमुसले. मान हलवत म्हणाले, "मंग न्हाई जमायचं. दुसरीकडं बघा."

मी जिना उतरून फाटकापर्यंत आलो. ऊन मी म्हणत होतं आणि बीडमधल्या बाकीच्या खोल्या बघून झाल्या होत्या. तसाच मागं फिरलो आणि म्हणालो, की कधीमधी, मित्रांनी फारच गळ घातली तर, एखादा ग्लास होतो. गृहस्थांचा चेहरा उजळला. त्यांनी मला वर नेलं, खुर्ची दिली आणि स्थळ बघायला आल्यासारखी चौकशी सुरू केली. किती घेता? घेतल्यावर भांडता, रडता, की भाषण करता? तंबाखूनं जीभ मेली तर नाही ना? मी सगळ्या विषयांत पास झालो. शेवटी ते म्हणाले, "खोली तुमची. पन शनवारी संध्याकाळी कुटं जायचं न्हाई."

अशा रीतीनं मी सरांचा भाडेकरू झालो. सर केजच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते आणि बीडला येऊन, त्यांच्याच शब्दांत, खऱ्या कामाला लागले होते. खरं काम म्हणजे ज्वारीची बिअर. घराच्या मागं पत्र्याची एक खोली होती. सर तिला प्रयोगशाळा म्हणत. काकू तिला न्हाणी म्हणत, कारण मुळात ती न्हाणीच होती. गल्ली तिला काय म्हणते, हे सरांच्या कानावर घालायची कुणाची छाती नव्हती.

सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी थर्मामीटर असायचा. चहा आला की आधी त्यात थर्मामीटर, मग आकडा वाचणं, मग फुंकर. काकू दह्याला विरजण लावायला बसल्या की हे पाठीशी उभेच. एका लग्नात त्यांनी वाढलेल्या वरणात थर्मामीटर घातला, तेव्हापासून नातेवाइकांनी त्यांना पहिल्या पंगतीला बसवणं सोडून दिलं होतं. सरांना त्याचं काही वाटत नसे. दुसऱ्या पंगतीपर्यंत वरण निवतं, एवढीच त्यांची तक्रार.

सर स्वतः थेंबभरही पीत नसत. त्यांचे वडील हातभट्टीपायी गेले होते आणि सरांनी आईला शब्द दिला होता, की ओठाला लावणार नाही. आईलाही जाऊन बराच काळ लोटला होता, शब्द मात्र होता तसाच होता. "ज्या चिजेनं माझा बाप नेला, ती चीज मला आतून-भाईरून समजून घ्यायची हाय," असं ते म्हणत. माणसाला काहीतरी प्यायचंच असेल, तर त्याला घरच्या ज्वारीचं, हलकं, जीव न घेणारं काहीतरी मिळावं, एवढा साधा त्यांचा हिशेब. "दारू वाईट न्हाई. पिनाऱ्यांनी तिला बदनाम केली," हे वाक्य ते इतक्या कळवळ्यानं उच्चारत, की ऐकणाऱ्याला त्या बदनामीत आपलाही हात असल्यासारखं वाटे.

कृती ऐकायला फार सुंदर होती. गच्चीवर ओल्या गोणपाटाखाली ज्वारीला मोड आणायचे, उन्हात वाळवायचे, गिरणीतून भरडून आणायचे. गिरणीवाला आधी कुरकुर करी, कारण नंतर दळण टाकणाऱ्या बायका पिठाला कसला वास येतो म्हणून भांडत. पाणी बिंदुसरा नदीवरच्या पालीच्या धरणाचं. नळाच्या पाण्याला चारित्र्य नाही, असं सरांचं मत होतं, म्हणून ते स्कूटरला कॅन बांधून पालीला जात. उन्हाळ्यात गल्ली घागरी घेऊन टँकरमागं पळत असताना हा गृहस्थ बिंदुसरेचं पाणी बिअरमध्ये घालतो, हे लोक कुठल्या तोंडानं सहन करणार? इथपर्यंतही ठीक होतं. बिअरला कडवटपणा येण्यासाठी हॉप्स नावाचं एक परदेशी फूल लागतं. सर म्हणाले, कडूपणा काय फक्त त्यांच्याकडंच हाय का? आणि दारातल्या कडुनिंबाचे टहाळे उकळत्या पातेल्यात गेले.

त्या बिअरला आधी ओल्या गोणपाटाचा वास यायचा. मग निंब यायचा. आणि घोट उतरून गेल्यावर, संकट टळलं असं वाटत असतानाच, शिळ्या आंबिलीचा ढेकर यायचा. माझ्या आधीच्या भाडेकरूनं खोलीची किल्ली हातात देताना नळाची वेळ आणि मीटरची खोड सांगितली, तसंच शनिवारी कसं वागायचं तेही समजावून दिलं होतं. घोट घ्यायचा, डोळे मिटायचे, जरा थांबायचं आणि म्हणायचं, मागच्यापेक्षा बरी. चांगली म्हणालात तर दुसरी वाटी मिळते.

दर शनिवारी सर समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत. स्वतः चव घ्यायची नाही म्हटल्यावर भाडेकरूचं तोंड हेच त्यांचं यंत्र. माझ्या भुवया किती वर गेल्या, गळ्याची घाटी कधी हलली, सगळं टिपायचे. अशा आशेनं आपल्या तोंडाकडं बघणाऱ्या माणसाला खरं सांगणं मला तरी जमलं नाही. काकूंना ठाऊक होतं. त्यांनी एकदा बोट बुडवून चाटलं होतं आणि मग दिवसभर गूळ खात बसल्या होत्या. त्यांचा मुलगा सुधीर, जो पुण्यात नोकरीला होता, त्यालाही ठाऊक होतं. घरात ठाऊक नसलेला माणूस एकच, आणि तोच ती बनवत होता.

एकदा वासाचा माग काढत एक हवालदार आला. सरांचा दुसरा दोष असा, की त्यांना खोटं बोलता येत नसे. हवालदारानं दरडावून विचारलं, आत काय चाललंय? सर म्हणाले, "बिअर बनवतो. ज्वारीची. या ना आत." आणि त्याला बसवून वाटी भरून दिली. हवालदार प्याला. बराच वेळ टोपी मांडीवर घेऊन बसून राहिला. मग उठून म्हणाला, "सर, ही दारू न्हाई. ही दारू आसूच शकत न्हाई." आणि निघून गेला. सरांनी हा सरकारी दाखला समजून पुढं कितीतरी दिवस गल्लीला ऐकवला.

मग सुधीरचं लग्न निघालं. पुण्यात त्याच्या ऑफिसात छेरिंग नावाची मुलगी होती, हिमाचलात पार वर, स्पितीतली. तिचे वडील नव्हते, आई आणि ती मामांकडंच राहिलेल्या, मामांनीच तिला वाढवलेलं. दोघांचं जमलं होतं. फक्त मामांचं म्हणणं होतं, की आमच्या रीतीप्रमाणं मागणी घाला, मग बघू. त्यांची रीत अशी, की मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी जायचं आणि घरी आंबवलेलं पेय बरोबर न्यायचं. तिकडं त्याला छंग म्हणतात. मुलाच्या मामानं भांडं पुढं करायचं, मुलीच्या मामानं दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. ते प्याले की सोयरीक पक्की. न पिता भांडं खाली ठेवलं, की पाव्हण्यांनी आपापले जोडे शोधायचे.

सुधीरनं हे सांगितलं तेव्हा सर खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. साऱ्या मुलखानं ज्या कामाला नाक मुरडलं, ते काम केल्याशिवाय जिथं लग्न जुळत नाही, असं एक गाव भारतात आहे, हे त्यांना त्या दिवशी समजलं. बापाला असं बघून सुधीरनं पुढचं वाक्य गिळलं. ते वाक्य होतं, की छंग तिकडंच कुठंतरी विकत घेऊ.

नातेवाइकांत मात्र हलकल्लोळ झाला. सरांचे थोरले भाऊ पालीला असत, बागायतदार आणि गावचे पुढारी. मुलगी परमुलखातली, हे ते एक वेळ पोटात घालणार होते. पण मुलाकडच्यांनी भांडं घेऊन दारात उभं राहायचं? "मुलाकडच्यांनी मांडवात रुसायचं आसतंय," ते कडाडले, "हात जोडायचे नसतेत." आमच्या घरात आजवर कुणी मुलीकडच्यांना आधी रामराम घातलेला नाही, हेही त्यांनी अभिमानानं सांगितलं. काकूंचे सख्खे भाऊ लिंबागणेशला. मामा म्हणून त्यांनीच जायला हवं. त्यांनी गुडघ्यांचं कारण काढलं. तेच गुडघे त्याच आठवड्यात त्यांना एका पुढाऱ्याच्या मिरवणुकीत नाचताना साथ देत होते.

शेवटी काकू माझ्या खोलीत आल्या. कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर टोपी ठेवली, हातात नारळ दिला आणि म्हणाल्या, "आजपास्नं तुमी माझे भाऊ. माझ्या पोराचे मामा." मी टोपी नीट केली. थोड्या वेळानं सुधीर आला आणि दार लोटून घेतलं. म्हणाला, "मामा, छेरिंगचे मामा प्याले नाहीत तर संपलं. आणि ते पिणार नाहीत. तुम्ही तर दर शनिवारी पिता, तुम्हाला सांगायला नको." आम्ही ठरवलं, की वाटेत काझा नावाचं गाव लागतं, तिथं चांगली छंग मिळवायची आणि सरांचा डोळा चुकवून पिंपातली बदलून टाकायची.

पिंप म्हणजे स्टीलचं, छोट्या घागरीपेक्षा थोडं मोठं, पुण्यात बंद पडलेल्या कुठल्याशा हॉटेलातून सरांनी मिळवलेलं. गोळी सोडेवाल्याकडून त्यात गॅस भरून घेतला. काकूंनी पिंपाला हळदकुंकू लावलं, खण गुंडाळला, वर थंडी बाधू नये म्हणून गोधडी पांघरली. रेल्वेत असलं काही नेता येत नाही, म्हणून आम्ही जीप केली. काकू घरी थांबल्या. पुढं ड्रायव्हरशेजारी सुधीर, मागच्या सीटवर खिडकीशी पिंप, पिंपाला टेकून सर, आणि उरलेल्या जागेत मुलाचे मामा.

मी आणि सुधीर, दोघेही मनातून एकच प्रार्थना करत होतो, की कुठल्यातरी नाक्यावर पोलिसांनी हे पिंप जप्त करावं. पोलीस आमच्या नशिबात नव्हते. प्रत्येक नाक्यावर शिपाई आत डोकावायचा, यात काय आहे म्हणून विचारायचा, आणि सर खणखणीत आवाजात सांगायचे, "बिअर है साहब. ज्वारी की. घर में बनाया." शिपाई हळदकुंकवाकडं बघायचा, गोधडीकडं बघायचा, सरांच्या पांढऱ्या टोपीकडं बघायचा आणि हसून हात जोडायचा. एकानं तर पिंपाला नमस्कार केला आणि म्हणाला, बाबाजी मजाक करतात. बिअर नेणारा माणूस बिअर आहे म्हणून सांगतो, यावर आपल्या देशातल्या कुठल्याही पोलिसाचा विश्वास बसत नाही.

डोंगर सुरू झाले तशी सरांची घालमेल वाढली. त्यांचं डोकं दुखत होतं, माझा श्वास दोन पावलांत संपत होता, पण त्यांना काळजी पिंपाची. म्हणायचे, ह्याला विरळ हवा बाधलीय. एका टपरीवर वेफर्सची पाकिटं उशांसारखी फुगून टांगलेली होती. त्यातलं एक हातात घेऊन सरांनी टपरीवाल्याला, ड्रायव्हरला आणि तिथं चहा पीत बसलेल्या रस्त्याच्या मजुरांना हवेचा दाब समजावून सांगितला. बाहेरचा दाब कमी झाला, की आत विरघळलेला गॅस बाहेर यायला बघतो. पाकीट फुगतं, तसं पिंपही फुगलेलं आहे, फक्त स्टील असल्यामुळं बोलत नाही. म्हणून ते प्रत्येक मुक्कामाला थोडा गॅस सोडून द्यायचे. फुसकन आवाज यायचा, निंबाचा वास पसरायचा आणि सर समाधानानं गोधडी सारखी करायचे. फेस आवरावा म्हणून त्यांनी घरूनच ठिबकची बारीक नळी, चांगली लांबलचक, वेटोळं करून आणली होती. नळी लांब असली की बिअर शांत होऊन बाहेर येते म्हणे. ते शास्त्र बरोबर होतं. त्यांचं शास्त्र नेहमीच बरोबर असे.

काझ्यात छंग मिळाली. सुधीरनं कॅन भरून आणला, ड्रायव्हरलाही कटात घेतलं. पण सर पिंपापासून हलेचनात. जेवायला गेले तेही पिंप उचलून घेऊन. मी म्हटलं, सर, मी बघतो की. तर म्हणाले, "तुमी मामा. तुमी वझं उचलायचं नसतंय." तो कॅन तसाच ड्रायव्हरकडं राहिला आणि त्याचं पुढं काय झालं हे परतीच्या वाटेवर ड्रायव्हरच्या गाडी चालवण्यावरून समजलं.

छेरिंगचं घर काझ्याहून वर होतं. मातीच्या जाड भिंती, बुटकं छत, मधोमध लोखंडी चूल आणि भोवती गालिचे. तिचे मामा म्हणजे उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी आमच्या गळ्यात पांढरे रेशमी पट्टे घातले. मग पिंपाकडं बघितलं, ते दोन्ही हातांनी उचललं आणि चुलीला खेटून ठेवलं. छेरिंगनं हळूच सांगितलं, की चुलीशेजारची जागा सगळ्यात मोठ्या पाहुण्याची. तो मान पिंपाला मिळाला होता.

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. ऊब लागली की गॅस उसळणार, हे त्यांनी जन्मभर पोरांना शिकवलं होतं. पण मानाच्या जागेवर बसवलेल्याला उठवायचं कसं? आपल्याकडं पाव्हण्याला पाटावरून उठ म्हटलं तर पिढ्यान्पिढ्या बोलणं बंद होतं. थोरल्या भावानं वरपक्षाचा मान घरी ठेवून घेतला होता, पण दुसऱ्याच्या घरचा मान मोडायचा नाही, एवढं सरांना कळत होतं. ते गप्प बसले. आमचा चहा झाला, जेवणं झाली, मुलीच्या घरची वडीलधारी माणसं एकेक करून जमली, आणि तेवढा सगळा वेळ चूल धडधडत होती.

मग मागणीची वेळ आली. सरांनी नळी जोडली, मी लाकडी वाडगा धरला आणि तोटी उघडली. नळीतून फेस आला. नुसता फेस. वाडगा भरला, चहाची किटली भरली, तांब्याचं पातेलं भरलं, दुधाची बादली आणली तीही भरली. फेस गालिच्यावर उतरला. मुलीकडच्या बायका तोंडाला शालीचं टोक लावून हसायला लागल्या. घरभर निंबाचा वास सुटला. माझा मात्र जीव भांड्यात पडत होता. अशीच सगळीच्या सगळी फेस होऊन जाऊ दे, म्हणजे प्यायला काही उरणारच नाही, रीत तेवढी पार पडेल. सुधीरही माझ्याकडं बघून हळूच हसला.

सर म्हणाले, "थांबा. फेस बसू द्या."

सगळे थांबले. फेस बसला. प्रत्येक भांड्याच्या तळाशी थोडीथोडी बिअर उरली होती. सरांनी ती एकेका भांड्यातून वाडग्यात ओतली. वाडगा भरला. मी तो दोन्ही हातांनी पुढं केला. मामांनी एकदा मान हलवली, दोनदा हलवली. तिसऱ्यांदा त्यांनी हात पुढं केला, वाडगा नाकाजवळ नेला आणि तिथंच थांबले. वाडगा खाली घेऊन त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"जिसने बनाई, पहले वो पिए."

ही रीत आम्हाला कुणी सांगितली नव्हती. मी घाईघाईनं म्हणालो, की मुलाचा मामा मी, मी पितो, मला सवय आहे. त्यांनी विचारलं, आपने बनाई? मी नाही म्हणालो. त्यांनी वाडगा सरांपुढं ठेवला.

सुधीर खालच्या आवाजात म्हणाला, "पप्पा, ऱ्हाऊ द्या. आजीला शब्द दिलाय तुमी. आपून दुसरं कायतरी बघू." दुसरं काही बघण्यासारखं नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं आणि समोर आईशेजारी बसलेल्या छेरिंगलाही. तिनं ओढणीचं टोक मुठीत आवळून धरलं होतं. सरांनी मुलाकडं बघितलं, मग तिच्याकडं बघितलं. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "आई, पोरासाठी," एवढं पुटपुटले आणि वाडगा उचलला. थर्मामीटर खिशातच राहिला.

इतकी वर्षं ते आमच्या तोंडाकडं बघत आले होते. आज पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. भुवया वर गेल्या. घाटी हलली. मग ढेकर आला. त्यांनी वाडगा खाली ठेवला आणि त्यावर आपला पंजा पालथा धरला.

"मत पीजिए," ते म्हणाले. "खराब है."

मामांना ऐकू आलं नाही असं वाटून त्यांनी पुन्हा सांगितलं. "मैंने बनाया, लेकिन मेरे को मालूम नहीं था. आज पहली बार पिया. ये पीने लायक नहीं है. आप दूसरा कुछ भी बोलो, हम लाते हैं. ये मत पीजिए."

सुधीरनं डोळे मिटून घेतले. मला सरांचा असा राग आला, की उठून बाहेर जावंसं वाटलं. हवालदारापुढं खरं, नाक्यावर खरं, आणि आता मुलाचा संसार समोर मांडलेला असताना पुन्हा खरंच. एक वाक्य गिळलं असतं तर काय बिघडलं असतं? आम्ही सगळे इतकी वर्षं बिअर गिळत होतो.

मामा त्यांच्या बोलीत बहिणीशी, छेरिंगच्या आईशी, काहीतरी बोलले. मग त्यांनी सरांचा पंजा हळूच बाजूला केला, वाडगा उचलला आणि एका दमात, शेवटच्या थेंबापर्यंत, पिऊन टाकला. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरारलं. ते भिंतीला टेकले.

"सच बोला," अखेर ते म्हणाले. "बहुत खराब है."

त्यांनी रिकामा वाडगा सगळ्यांना दिसेल असा उपडा केला. "इस घर में कितने लोग माँगने आए. सबने बोला, हमारी छंग सबसे अच्छी. हम लड़की देंगे."

त्यानंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही, कारण घरची छंग बाहेर निघाली आणि मुलाच्या मामाला पहिला मान होता. ती खरोखर चांगली होती. सरांना वाडगा दिला तेव्हा त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, आमचं या जन्माचं झालं. छेरिंग त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिला थर्मामीटर दाखवला आणि तो कशासाठी असतो ते सांगत बसले.

उतरताना रिकामं पिंप जीपच्या मागं गडगडत होतं. घाटातल्या एका टपरीवर चहाला थांबलो. सुधीर फोनला रेंज शोधत लांब गेला होता. सरांनी चहाचा ग्लास हातात घेतला, पण प्याले नाहीत.

"तुमी दर शनवारी हीच पिलात?"

"हो सर."

"तुमच्या आदीचे भाडेकरू बी?"

"हो."

"अन् सुधीरच्या आईला म्हाईत हुतं?"

मी मान डोलावली. हवालदाराचं त्यांनी विचारलं नाही, पण त्यांच्या डोक्यात तो येऊन गेला असावा, कारण ते मध्येच थांबले. आता ते चिडतील, खोली सोडा म्हणतील, असं मी गृहीत धरलं होतं. तुमच्या मनाला लागेल म्हणून, तुम्ही इतक्या आशेनं बघायचात म्हणून, अशी उत्तरंही जुळवून ठेवली होती. सर माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "लई सोसलं तुमी लोकांनी माझ्यापायी."

मी त्यांच्या हातातला गार झालेला चहा घेतला आणि दुसरा आणायला उठलो.